आरटीईची लॉटरी राज्याची एक, मग अपिलाचा निकाल तालुक्यागणिक वेगळा कसा? शिक्षण आयुक्तांना एका आईचं खुलं पत्र

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य
मा. शिक्षण संचालक (प्राथमिक), पुणे
आणि राज्यातल्या सगळ्या पडताळणी समित्यांवरचे अधिकारी

सर, मॅडम, नमस्कार.

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, त्यात खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरच्या मुलांना मोफत असतात. या प्रवेशाची लॉटरी अख्ख्या राज्याची एकच असते. पोर्टल एक, फॉर्म एक, कागदपत्रांची यादी एक. पण लॉटरीत नंबर लागलेल्या मुलाचे कागद बघून समितीनं एकदा "नाही" म्हटलं की तिथून पुढं सगळं बदलतं. मग तुम्ही कुठल्या तालुक्यात राहता, तिथले बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, साहेब कोण, त्यांना वेळ आहे का, त्या वर्षी तिकडं बोगस कागदांचं एखादं प्रकरण निघालंय का, यावर तुमच्या पोराची सीट राहणार का जाणार ते ठरतं. हे मी माझ्या लेकीच्या वेळी बघितलं आणि नंतर दुसऱ्या जिल्ह्यांतल्या पालकांकडून ऐकलं, म्हणून लिहायला बसले. आधी ऑफिसला अर्ज दिला होता, त्याचं उत्तर आलं नाही, म्हणून आता सगळ्यांनी वाचावं असं लिहिते.

आमचं थोडक्यात सांगते. आम्ही मूळचे मराठवाड्यातले, मिस्टर इकडं एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहेत, मी घरी ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं काम करते. भाड्याच्या दोन खोल्या. रेशनकार्ड गावाकडं सासऱ्यांच्या नावावर, आधारवर गावचा पत्ता, लाइट बिल घरमालकाच्या नावावर. म्हणजे इथं राहतो याचा पुरावा म्हणून आमच्याकडं एकच कागद, रजिस्टर केलेला भाडेकरार. ओबीसीतून फॉर्म भरला होता त्यामुळं उत्पन्नाच्या दाखल्याची भानगड नव्हती, जातीचा दाखला मिस्टरांचा होताच.

२०२५-२६ चे फॉर्म जानेवारीत भरले, फेब्रुवारीत लॉटरी निघाली आणि लेकीचा नंबर लागला, तोही घरापासून चालत जाता येईल अशा शाळेत. आता आमचा भाडेकरार अकरा महिन्यांचा, तो जानेवारीअखेर संपत होता. फॉर्म भरला त्या दिवशी तो चालू होता. एक फेब्रुवारीपासून त्याच मालकाशी त्याच खोल्यांचा नवा करार केला, रीतसर रजिस्टर केला, एजंटाला पैसे दिले, अंगठे दिले, फोटो दिले, सगळं झालं. अलॉटमेंट लेटर, हमीपत्र, ओरिजिनल आणि झेरॉक्सचे सेट घेऊन पंचायत समितीत गेलो. टेबलावरच्या मॅडमनी जुना करार बघितला आणि म्हणाल्या याची मुदत संपलीय. मग नवा दिला, तर म्हणाल्या हा फॉर्मच्या तारखेनंतरचा आहे, हा धरता येत नाही. मी म्हटलं मॅडम दोन्ही शेजारी ठेवून बघा ना, मालक तोच, घर नंबर तोच, मध्ये एक दिवससुद्धा सुटलेला नाही. त्यांनी दोन्ही करार टाचणीसकट परत दिले आणि म्हणाल्या "एकच कागद ग्राह्य धरायचा असतो ताई, दोन जोडून एक करायची सोय नाही." असं कुठल्या नियमात लिहिलंय ते विचारलं तर मागचे पालक ओरडायला लागले, गर्दी होती, त्यांचंही बरोबर होतं.

मग सांगितलं वर अर्ज करा. वर म्हणजे कुणाकडं? एका क्लार्कनं सांगितलं बीईओंकडं, दुसऱ्यानं सांगितलं झेडपीत शिक्षणाधिकाऱ्यांकडं. आम्ही दोन्हीकडं दिला, पोच घेतली. बीईओ साहेबांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं, माणूस वाईट नव्हता, चहा पण विचारला, पण म्हणाले पोर्टलवर रिजेक्ट पडलंय, आता माझ्या हातात काही नाही. झेडपीत म्हणाले तालुक्याकडून अहवाल मागवलाय. अहवाल आला का नाही ते आजपर्यंत कळलेलं नाही, वेटिंग लिस्ट मात्र सुरू झाली आणि ती सीट दुसऱ्या मुलाला गेली. त्या मुलावर माझा काही राग नाही, तेही आमच्यासारख्याच घरचं असणार. लेक आता झेडपीच्या शाळेत जाते, तिथल्या बाई चांगल्या आहेत, आणि झेडपी शाळेला नावं ठेवायला हे पत्र नाहीच. पत्र यासाठी आहे की कायद्यानं लागलेला नंबर कुठल्या कारणानं गेला ते आम्हाला अजून कागदावर कुणी दिलेलं नाही.

नंतर मी आरटीई पालकांच्या एका व्हॉट्सअप ग्रुपला जॉईन झाले. तिथं मराठवाड्यातल्या एका छोट्या शहरातली ताई भेटली. तिची केस माझ्यासारखीच, अगदी जुळी म्हणावी अशी, करार फॉर्म आणि पडताळणीच्या मध्ये संपला, नवा नंतरचा. तिलाही समितीनं आधी नाही म्हटलं. तिनं अर्ज केला, तर तिकडच्या साहेबांनी केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना, घरी पाठवलं. त्यांनी घर बघितलं, शेजारच्या आजींना विचारलं हे लोक कधीपासून राहतात, घरमालकाची सही घेतली, अर्ध्या पानाचा स्थळपाहणी पंचनामा लिहिला, आणि चार-पाच दिवसांत पोरीचा प्रवेश फायनल झाला. कुणाची ओळख नाही, एक रुपया नाही. ऐकून बरं वाटलं आणि त्या रात्री झोप पण आली नाही, कारण माझ्या घरी कुणी आलं असतं तर त्यांनाही शेजारच्या मावशींनी तेच सांगितलं असतं.

विदर्भातल्या एका दादाला सांगितलं की आमच्याकडं अपील बिपील नसतं, कोर्टात जा. अजून एका ठिकाणी वडिलांच्या नावाचं स्पेलिंग जातीच्या दाखल्यावर वेगळं आणि आधारवर वेगळं, एका अक्षराचा फरक, तर तिथं साध्या प्रतिज्ञापत्रावर काम झालं, आणि तसल्याच फरकासाठी दुसऱ्या शहरात राजपत्र आणा म्हणून सांगितलं. राजपत्र यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहिती आहे, तोपर्यंत प्रवेशाची मुदत बसून राहते का? घटस्फोटाची केस कोर्टात चालू असलेल्या एका बाईला एका तालुक्यात कोर्टाची कागदपत्रं चालली, शेजारच्या तालुक्यात तिच्या ओळखीच्या बाईला "अंतिम निकाल आणा" म्हणाले. शेजारच्या! मध्ये एक ओढा आहे फक्त.

आता माझ्या तक्रारी नीट मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी, नकाराचं कारण लेखी मिळत नाही. पोर्टलवर एक शब्द येतो, टेबलावर तोंडी एक वाक्य मिळतं. कारणच हातात नसेल तर वर भांडायचं कशाच्या जोरावर? माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४(१)(घ) आहे, प्रशासकीय निर्णयाची कारणं ज्याच्यावर परिणाम झाला त्याला द्यायचीच. म्हणजे हे मागायला लागूच नये, त्यांनी आपणहून द्यायचं आहे. तरी आमच्या ग्रुपमध्ये नाकारलेल्यांपैकी बहुतेकांकडं कागद नाही. ज्यांच्याकडं आहे त्यांच्याकडं "कागदपत्रे अपूर्ण" एवढाच शिक्का. कुठलं अपूर्ण? का? काही नाही.

दुसरी, ज्यानं नाकारलं त्याच्याच दारात दाद मागायची. आरटीई कायदा २००९ चं कलम ३२ सांगतं की मुलाच्या हक्काबद्दल तक्रार असेल तर स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी द्या, त्यांनी बाजू मांडायची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय करायचा, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील. वाचायला छान आहे. पण स्थानिक प्राधिकरण म्हणजे झेडपी नाहीतर महापालिका, आणि पडताळणी करणारी माणसं पण त्यांचीच. खालच्या टेबलावर नाही म्हणायचं आणि वरच्या मजल्यावर तीच फाइल तेच लोक बघणार. साहेब समजूतदार असले तर काम होतं, नसले तर तुमचं नशीब. आणि आयोगाचं ऑफिस मुंबईत. गडचिरोलीतल्या सिरोंच्यातून नाहीतर नंदुरबारच्या धडगावातून रोजंदारी बुडवून कोण मुंबईला येणार हो? अर्ज पोस्टानं पाठवता येतो हे मला माहिती आहे, पण आपली बाजू समोर बसून सांगणं आणि पाकीट टाकून वाट बघणं यात फरक असतो.

तिसरी, तीन महिने. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाकारलं, तक्रार दिली, निर्णय जूनपर्यंत आला तरी कायद्यानं तो वेळेतच आला. पण तोपर्यंत वेटिंग लिस्टच्या फेऱ्या होऊन सीट भरलेली असते आणि आमच्याकडं जूनच्या मध्यात शाळा सुरू होते, विदर्भात उन्हामुळं जूनअखेर होते म्हणजे त्यांना थोडे दिवस जास्त मिळतात एवढंच. अपील जिंकलात, अभिनंदन, सीट नाही. याला अपील म्हणायचं का?

चौथी तक्रार भाडेकरूंची आहे आणि माझ्या मते खरी मेख इथंच आहे, म्हणून जरा जास्त लिहिते. गावात जो माणूस स्वतःच्या घरात राहतो त्याच्याकडं घरपट्टी असते, रेशनकार्ड असतं, मतदान कार्ड असतं, सगळ्यावर एकच पत्ता. तोच माणूस परभणी, बीड, यवतमाळकडून पोटासाठी चाकण, भिवंडी, वाळूज, बुटीबोरीला आला की त्याचे सगळे कागद गावात राहतात आणि तो इथं नुसता भाडेकरू होतो. मग रजिस्टर केलेला भाडेकरार पाहिजे, तोसुद्धा फॉर्मच्या तारखेच्या आधीचा आणि किमान अकरा महिन्यांचा. करार रजिस्टर करायला सरकारी खर्च तसा थोडा, भाडं आणि डिपॉझिटच्या हिशोबानं पाव टक्का स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी शहरात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये, वर एजंट आपलं काय घेईल ते. पैशाचं एक वेळ जमतं. पण घरमालक तयार होत नाही! त्याला भीती असते की खोलीवर हक्क सांगतील, टॅक्स वाढेल, काय काय. आणि गंमत अशी की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे, नाही नोंदवला तर शिक्षा त्याला आहे. प्रत्यक्षात त्याला आजपर्यंत कुणी विचारायला गेलेलं मी तरी पाहिलं नाही, आणि शिक्षा कुणाला झाली, तर भाडेकरूच्या पोराला, पहिलीची सीट गेली.

म्हणून जिथं कारखाने आहेत, जिथं बाहेरून आलेली माणसं जास्त आहेत, तिथंच पत्त्यावरून नकार जास्त येत असणार आणि अपिलंही तिथंच जास्त येत असणार. "असणार" लिहिते कारण आकडे आमच्यासमोर नाहीत. आणि हीच माझी पाचवी तक्रार.

पोर्टलवर जिल्हावार शाळा किती, जागा किती, अर्ज किती, निवड किती, प्रवेश किती हे सगळं दिसतं. चांगली गोष्ट आहे, त्यातूनच आम्हाला कळतं की राज्यात साधारण लाखभर जागांना २०२५-२६ मध्ये तीन लाखांच्या आसपास अर्ज आले, आणि पुण्यात एका जागेमागं तीन-तीन पोरं रांगेत असतात तर सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात काही वर्षी अर्जच जागांपेक्षा कमी. पण निवड आणि प्रवेश या दोन रकान्यांच्या मध्ये जी पोरं गळतात ती कुठं जातात? काहींनी स्वतःहून शाळा आवडली नाही म्हणून सोडलं असेल, कुणी गाव बदललं असेल. उरलेल्यांपैकी किती जणांना समितीनं नाकारलं, कुठल्या कारणानं, त्यातल्या किती जणांनी दाद मागितली, किती जणांचं ऐकून घेतलं, किती जणांना प्रवेश मिळाला, हे तालुकावार मला कुठंही सापडलं नाही. मी शोधलंय, ग्रुपमधल्या शिकलेल्या पोरांनी पण शोधलंय.

ग्रुपमधल्या एका ताईचा भाऊ इंग्लंडमध्ये असतो, त्यानं सांगितलं तिकडं शाळेत प्रवेश नाकारला तर पालकांना अपिलाचा हक्क आहे, निदान तीन जणांचं पॅनेल बसतं, ते शाळेपासून स्वतंत्र असतं, निर्णय कारणांसहित लेखी येतो, आणि सरकार दरवर्षी आकडे छापतं की कुठल्या भागात किती अपिलं आली, किती ऐकली, किती पालकांच्या बाजूनं लागली. तिकडंही सगळं गोड नाही. माध्यमिकची ऐकलेली अपिलं साधारण पाचातलं एक पालकांच्या बाजूनं लागतं, आणि अगदी लहान मुलांच्या वर्गांना कायद्यानं ३० ची मर्यादा असल्यामुळं तिथं त्याहून खूपच कमी. भागाभागात फरक तिकडं पण आहेच. पण तो फरक छापून येतो ना! कुठल्याही भागातले लोक उठून विचारू शकतात की शेजारी इतकी अपिलं मान्य झाली मग आमच्याकडं का नाही. आमच्याकडं विचारायला आधी आकडा तर पाहिजे. मला इंग्लंडसारखं सगळं नको आहे, एक एक्सेल शीट पाहिजे.

आता अधिकाऱ्यांच्या बाजूनं पण दोन शब्द, कारण ग्रुपमध्ये सरसकट सगळ्यांना शिव्या घालतात ते मला पटत नाही. मोठ्या शहरांच्या आसपासच्या तालुक्यांत एकेका समितीसमोर शेकड्यानं, हजारानं पालक येतात, माणसं तेवढीच, शिवाय तेच केंद्रप्रमुख निवडणुकीच्या कामाला, तेच सर्व्हेला, कितीतरी पदं रिकामी. छोट्या तालुक्यातल्या साहेबांना घरी माणूस पाठवायला जमतं कारण त्यांच्याकडं अशा केस मोजक्या. आणि बोगसगिरी होते हे पण खरं. नागपुरात २०२४ मध्ये खोटी कागदपत्रं लावून प्रवेश घेतल्याबद्दल पालकांवर गुन्हे दाखल झाले, त्यानंतर सही करणारा कुठलाही माणूस दहा वेळा विचार करणार. चांगल्या पगाराची, स्वतःच्या फ्लॅटमधली माणसं खोटे करार करून गरिबाची जागा खातात त्यांना सोडू नका, आमची त्यात काही हरकत नाही. पण त्यावर उपाय घरी जाऊन बघणं हा आहे. घरी गेलं की खोटा पण सापडतो आणि खरा पण सापडतो. टेबलावर बसून नाकारलं की खोटा माणूस दुसरा कागद बनवून आणतो आणि खरा माणूस घरी जातो.

शाळांचं पण एक आहे. सरकार एका मुलामागं वर्षाला १७,६७० रुपये देतं म्हणतं, पण ते वेळेवर पोचत नाहीत, थकबाकी शेकडो कोटींची आहे अशी शाळांच्या संघटनांची ओरड दरवर्षीची. मग शाळेला आरटीईची मुलं ओझं वाटतात आणि एखादा नकार वाढला तर त्यांचं काही बिघडत नाही. जिथं स्थानिक अधिकारी खमके आहेत तिथं शाळेचं चालत नाही, जिथं नाहीत तिथं चालतं. त्याचा भुर्दंड आम्ही भरायचा.

आणि कृपया कोर्टात जा असं सांगू नका. ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारनं नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला आरटीईतून सूट दिली, तेव्हा लोक हायकोर्टात गेले, मे महिन्यात स्थगिती मिळाली, १९ जुलैला तो बदल रद्द झाला आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच कायम ठेवलं. फार मोठं काम झालं, ज्यांनी केलं त्यांचे आभार. पण त्या वर्षीचे प्रवेश शाळा सुरू झाल्यावर झाले, पोरं पावसाळ्यात अर्ध्यातून वर्गात जाऊन बसली. ते अख्ख्या राज्याचं प्रकरण होतं म्हणून मोठे वकील उभे राहिले. माझ्या एका भाडेकरारासाठी कोण उभं राहणार? वकिलाची फी देण्याची ऐपत असती तर शाळेची फी नसती का भरली?

तर आता मागण्या. साध्या आहेत, बहुतेकांना नवा कायदा लागत नाही, तुमचं एक परिपत्रक पुरेल.

१. समितीनं नाकारलं तर त्याच दिवशी, तिथंच, छापील नमुन्यावर कारण लिहून द्या. कुठला कागद, त्यात काय कमी, कुठल्या सूचनेप्रमाणं, आणि दाद कुणाकडं किती दिवसांत मागायची. खाली नाव, हुद्दा, सही.

२. दाद मागितली असेल तर निर्णय होईपर्यंत ती एक सीट वेटिंगला देऊ नका. आणि निर्णय पंधरा दिवसांत द्या. कायद्यात तीन महिने लिहिलंय ती वरची मर्यादा आहे, तेवढे लावलेच पाहिजेत असं नाही.

३. ऐकणारे लोक नाकारणाऱ्यांपेक्षा वेगळे पाहिजेत. दुसऱ्या तालुक्याचे बीईओ बसवा, डाएटमधले, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेतले, अधिव्याख्याते बसवा, एक पालक प्रतिनिधी घ्या. व्हिडीओ कॉलवर सुनावणी करा, तुमच्या सगळ्या मीटिंगा तशाच होतात की आता. बालहक्क आयोगानं पण विभागावर, निदान नागपूर, संभाजीनगर, अमरावती, नाशिकला, प्रवेशाच्या दिवसांत बसावं.

४. पत्त्याबद्दल शंका असेल तर गृहभेट आणि पंचनामा सक्तीचा करा, सगळ्या तालुक्यांना. माणसं कमी पडतात तर तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी ताईंचा दाखला घ्या, अंगणवाडी ताईला तर गल्लीतलं प्रत्येक पोर माहिती असतं, माझ्या लेकीला पोषण आहार तिनंच दिलाय, वजन तिनंच केलंय, तिच्या रजिस्टरला नाव आहे.

५. सलग भाडेकरार, म्हणजे तोच मालक तेच घर आणि मध्ये खंड नाही, हा एकच पुरावा धरावा असं स्पष्ट लिहा. तसंच स्पेलिंगचा फरक, कोर्टात चालू असलेला घटस्फोट, हे नेहमी येणारे दहा-बारा प्रश्न आणि त्यांची उत्तरं राज्यासाठी एकदाच छापा आणि प्रत्येक समितीच्या भिंतीला लावा. म्हणजे ओढ्याच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक असं व्हायचं नाही.

६. तालुकावार आकडे पोर्टलवर टाका. नाकारले किती, कारणं काय, दाद किती, मान्य किती. मागच्या तीन वर्षांचे पण टाका.

माझ्या लेकीचं वय आता पहिलीच्या प्रवेशातून गेलं, त्यामुळं यातलं काही झालं तरी आम्हाला उपयोग नाही हे मला कळतं. धाकटा अजून अंगणवाडीत आहे. त्याच्या वेळेला मी परत याच टेबलासमोर उभी असणार, करार कदाचित परत जानेवारीतच संपत असणार, कारण अकरा महिन्यांचं गणित फिरून फिरून कुठंही येतं, आणि मालकाला आधीच सांगून ठेवलंय की या वेळी करार दोन वर्षांचा करा, तो म्हणतो बघू.

उत्तर मराठीत आणि लेखी द्यावं ही विनंती. भेटायला बोलावलंत तर दोन्ही करार, अलॉटमेंट लेटर आणि दोन्ही ऑफिसच्या पोच घेऊन येते.

आपली,
एमआयडीसीतली एक भाडेकरू आई

ता. क. मागणी क्रमांक ६ चे आकडे मिळावेत म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज पण लिहून ठेवलाय, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलंय. तुमच्या-आमच्या तालुक्यांतल्या पालकांनी पण आपापल्या पंचायत समितीत आणि महापालिकेत हाच अर्ज टाकावा, नमुना ग्रुपवर आहे, फक्त तालुक्याचं नाव बदलायचं. तीस दिवसांत जे काय येईल ते सगळं एकत्र करून जिल्ह्याप्रमाणं मांडायचं आम्ही ठरवलंय. त्याच्या आधी तुम्हीच आकडे टाकलेत तर आमचे तिकिटाचे पैसे वाचतील.